परबकाकांची हवा

कतारमध्ये हवा दोन प्रकारची असते, फुकटची आणि विकतची. फुकटची बाहेर असते आणि वर्षातले बरेच महिने तिच्यात कुणी दोन मिनिटंही उभं राहत नाही. विकतची आत असते आणि ती आमच्यासारखे लोक तयार करतात. इमारतीचं तापमान, दमटपणा, पाणी, वीज हे सगळं एका पडद्यावर बघत बसायचं आणि एखादा आकडा लाल झाला की कुणाला तरी फोन करायचा, हे माझं काम. पद इंजिनियरचं, पगार बरा आणि तोरा पगाराहून जास्त. एका माणसाने तो तोरा एका भाजलेल्या पापडावर उतरवला. त्या परबकाकांबद्दल लिहायचं कधीचं मनात होतं.

अल गराफामध्ये एक मोठं फॅमिली कॉम्प्लेक्स आहे. त्यात मुलांची खेळघरं, खाण्याची दुकानं आणि मधोमध काचेची एक बाग. तीन मजले उंच काच, आत झाडं, लहानसं तळं आणि फुलपाखरं. फुलपाखरं इथली नव्हेत, फिलिपाईन्समधल्या एका छोट्या बेटावरच्या जंगलातली. पांढरी, काळ्या रेघांची, पंख उघडले की तळहात झाकेल एवढी. त्यांना कसलीच घाई नसते. उंच झाडांच्या सावलीत ती नुसती तरंगत राहतात. इंग्रजीत त्यांचं नावही कागदी पतंग अशाच अर्थाचं आहे. ती सांभाळायला त्याच बेटावरची जोसलिन नावाची मुलगी होती. तिच्या घरी ही फुलपाखरं पाळण्याचाच धंदा. तिकडे एक फुलपाखरू महिना-दीड महिना जगतं, असं ती सांगायची. आमच्याकडे आली की ती पाच दिवसांत जमिनीवर उतरायची आणि सहाव्या दिवशी केरसुणीखाली जायची.

कॉम्प्लेक्सचे मॅनेजर मिस्टर मन्सूर कतारी, माणूस सभ्य, पण हिशेबात पक्का. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "मोठ्या ईदपर्यंत बघतो. लोक मेलेली फुलपाखरं बघायला तिकीट काढत नाहीत. जमलं नाही तर खलास, जागा ट्रॅम्पोलीनवाल्याला देतो." ईदला तीन महिने होते. मी पडदा दाखवला. तापमान सत्तावीस, दमटपणा ऐंशी टक्के, सगळे आकडे हिरवे. हवेत काही खोट नाही, फुलपाखरांमध्येच असेल, असं मी ठणकावून सांगितलं. जोसलिनची नोकरी या बागेवर होती आणि तिचे डोळे भरलेले मी बघितले होते.

त्याच आठवड्यात थंड हवा नेणारा एक डक्ट गळतो म्हणून कंत्राटदाराने माणूस पाठवला. उंची बेताची, काळासावळा, साठीच्या आसपासचा, आणि डोक्याला लोकरीची कानटोपी. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि हा गृहस्थ माकडटोपी घालून माझ्यासमोर उभा. आयुष्य थंड डक्टमध्ये डोकं घालण्यात गेलं, त्यामुळे कान धरतात, हे मला नंतर कळलं. अल खोरला कंपनीच्या खोल्यांमध्ये राहायचे, तिथून पहाटेच्या बसने यायचे. हेच परबकाका, सावंतवाडीकडचे. माझ्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचलं आणि सरळ मालवणीत सुरू झाले.

"बाय, तू खंयची?"

"भुसावळची."

"मगे तुका नाय कळाचां," ते म्हणाले.

काय नाही कळायचं, ते सांगितलं नाही. डक्टचं काम बाजूला ठेवून ते बागेत शिरले. तळ्यात हात बुडवला, कोपरापर्यंत ओला केला आणि तो वर धरून बागभर फिरले. शिडी लावून वर चढले, तिथेही तेच. वाळला की पुन्हा ओला. लोक बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाली आले आणि म्हणाले, "हयसर हवा सुकी आसा. पावणे वरती उडतत आणि थंय तेंचो घसो सुकता."

फुलपाखरांना ते पहिल्या दिवसापासून पावणेच म्हणायचे. मी त्यांना मोबाईलवर ऐंशी टक्के दाखवले. त्यांनी चष्मा लावून आकडा वाचला, मान डोलावली आणि म्हणाले, "मशीन खोटां बोलणा नाय गो बाय. पण तेका तू उभां खंय केलंस?"

सेन्सर तळ्याच्या काठाला, पाण्याचे तुषार उडतात तिथे लावला होता. ती जागा दाखवणाऱ्या नकाशावर सही माझी होती. पण तेव्हा हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, त्यामुळे मी म्हटलं, काका, तुमच्या हातावर भरवसा ठेवून मी रिपोर्ट लिहू का?

"हातार नको. पापड आसा तुझ्याकडे?"

भुसावळच्या मुलीला पापड आहे का म्हणून विचारणं म्हणजे तिच्या माहेराला हात घालणं. आई दरवर्षी उडदाच्या पापडांचा डबा माझ्या सामानात कोंबते, मग कपडे राहिले तरी चालतील. दुसऱ्या दिवशी अल वक्र्याच्या घरून निघताना मी सहा पापड भाजून डब्यात घेतले आणि मेट्रोत सगळ्या डब्याला हिंगाचा वास लावत आले. परबकाकांनी तीन पापडांना भोकं पाडली, दोरा ओवला. एक तळ्याजवळ टांगला, एक माणसाच्या उंचीवर, एक शिडीवर चढून पार काचेखाली. मग मला आणि जोसलिनला बाकावर बसवून थर्मासमधला चहा दिला. "एका चायत सादळलो, तर हवा बरी," म्हणाले.

चहा संपला. तळ्याजवळचा पापड लुळा पडला होता. मधला अर्धामुर्धा. काचेखालचा त्यांनी काढून आणला, माझ्या कानाशी नेला आणि मोडला. कट्टकन आवाज आला. ज्या उंचीवर फुलपाखरं तरंगतात, तिथे दोह्याच्या एसीची हवा होती, आणि भुसावळचा पापड त्या हवेत सुखाने कुरकुरीत राहिला होता. मी त्या दिवशी पडद्याकडे बघितलं नाही.

पुढचं काम त्यांनी आठ दिवसांत केलं. थंड हवा वरून फेकली जात होती, ती सगळी खाली घेतली आणि झाडांच्या मागून, पायाकडून सोडली. तुषार होते खाली, ते वर नेले. सेन्सरही वर गेला. नकाशे मी काढले, पण कागदावर काय यायचं ते काका आधी हवेत बोटाने काढून दाखवायचे. रोज सकाळी तीन पापड टांगणं सुरू झालं. तिन्ही एका चहात सादळायला लागले, तेव्हा त्यांनी कानटोपी काढून डोकं खाजवलं. समाधान झालं की ते एवढंच करायचे.

मिस्टर मन्सूर एकदा आले आणि डोक्यावर लोंबणारा पापड बघून थबकले. हे काय आहे, असं त्यांनी मला विचारलं. मी काही सांगायच्या आत काकांनी डब्यातला एक कडक पापड त्यांच्या हातात ठेवला. "सर, मीटर. ईट." साहेबांनी तो मीटर उभ्याउभ्या खाल्ला आणि दुसरा मागितला. काकांनी कंत्राटदाराला काय सांगितलं कुणास ठाऊक, पण त्या दिवसापासून ते डक्टच्या कामाला परत गेले नाहीत. बागेचेच झाले.

जोसलिन त्यांना कूया म्हणायची, त्यांच्याकडे थोरल्या भावाला म्हणतात तसं. काका तिला जोसबाय म्हणायचे. दोघांची भाषा म्हणजे तिचं मोडकं हिंदी, ह्यांची मालवणी आणि उरलेल्या जागेत 'चला'साठी अरबी यल्ला आणि 'संपलं'साठी खलास. पण त्यांचं एकमेकांशी कधी काही अडलेलं मी बघितलं नाही.

बेटावरून येतात ते कोश, फुलपाखरं नव्हेत. कापसाच्या थरात बांधून विमानाने. आणि या फुलपाखराचा कोश सोनेरी असतो. पिवळा नव्हे, सोनेरी. सराफाच्या पेढीवर ठेवला तर गिऱ्हाईक भाव विचारील असा. एकदा खोकं आणायला जोसलिनबरोबर काका गेले. कार्गोवरच्या अधिकाऱ्याने खोकं उघडलं, कापूस बाजूला केला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. पन्नास डूल ओळीने मांडलेले. हे सोनं कुठल्या कागदावर आहे, असं त्याने विचारलं. जोसलिन घाबरून हातातले कागद चाळू लागली. काका पुढे झाले.

"सोना नहीं, भाई. बच्चा है. सो रहा है. धीरे बोलो."

अधिकारी हसला नाही. वाकून बघायला लागला. तेवढ्यात एका कोशाने आतून अंग हलवलं आणि तो पाऊलभर मागे सरकला. मग त्याने खोक्याचं झाकण स्वतः, आवाज न करता लावलं. पुढच्या शुक्रवारी तो दोन मुलींना घेऊन बागेत आला आणि काकांनी त्या तिघांनाही गिरकी घ्यायला लावली.

गिरकीचं सांगायचं राहिलं. बागेच्या बाहेरच्या दाराशी एक मोठा आरसा आहे. कपड्यांवर बसून एखादं फुलपाखरू बाहेर जाऊ नये म्हणून प्रत्येकाने त्याच्यासमोर एक गिरकी घ्यायची, असा नियम. नियम पूर्वीही होता, पाळत कुणी नव्हतं. काका आल्यावर त्यातून कुणाची सुटका झाली नाही. अबाया घातलेल्या आज्या, बाबागाडीतलं पोर, माझे थोरले साहेब, सगळ्यांना हात पसरून एक फेरा. मिस्टर मन्सूर घाईत एकदा तसेच निघाले, तर हे दारात आडवे. "सर, वन राउंड." साहेब म्हणाले, मी इथला मॅनेजर आहे. "येस सर. वन राउंड." त्यांनी गिरकी घेतली आणि त्यांच्या पांढऱ्या, पायघोळ थोबच्या पाठीवर, पांढऱ्यावर पांढरं, एक फुलपाखरू खरंच बसलेलं निघालं. काकांनी ते दोन बोटांनी, पंख मिटलेले असताना उचललं आणि पानावर ठेवलं. "भायर गेलां आसतां तर मेलां आसतां," ते माझ्याकडे बघून म्हणाले, साहेबांना कळू नये म्हणून मालवणीत. साहेबांना बहुतेक कळलं.

आता अशा माणसाचं चुकलं कसं, ते सांगते. ईदला पाच आठवडे होते. नव्या हवेत फुलपाखरं दोन आठवड्यांच्या वर टिकत होती आणि शेवटचं मोठं खोकं आलं होतं. पुढचं ईदनंतरच येणार होतं. सोनेरी कोश काचेच्या कपाटात काड्यांना ओळीने लटकवले होते. एका सकाळी जोसलिनची किंकाळी ऐकून मी धावले. कपाटात बारीक तांबड्या मुंग्यांची रांग लागली होती. कोश वरून तसेच सोनेरी दिसत होते, हात लावला की पोकळ. पन्नासातले अकरा धड राहिले होते.

बागेत खाणं आणायला बंदी. मुंग्या एवढ्या कुठून आल्या, ते कुणालाच कळेना. मी सफाईवाल्यांवर ओरडले, माती देणाऱ्या नर्सरीला फोन केला. काका मात्र कोपऱ्यातल्या एका केळीच्या बुंध्याशी उकिडवे बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली. बुंध्याशी पापडाचा चुरा होता आणि त्यावर मुंग्यांचं लग्न लागलं होतं.

"चूक माझी आसा," ते म्हणाले. "मुंगयेक मीच वाढलंय."

सादळलेले पापड टाकायचे कसे? अन्न ते. कचऱ्याच्या डब्यात टाकायला त्यांचा हात धजावेना. म्हणून रोज चहा झाला की तीन पापड कुस्करून ते केळीच्या मुळाशी ठेवत होते, किडामुंगीला. त्यांच्या आईने आयुष्यभर हेच केलं होतं आणि माझ्या आईनेही. मला ते दिसलंही असेल आणि त्यात काही वावगं वाटलं नसेल. मोडकी मशीनं ओळखणारा माणूस आणि पदवीवाली मी, दोघांनाही ह्या पुण्याचं भान राहिलं नाही. मला रडू आलं. त्यांना आलं नाही. ते कानटोपी हातात घेऊन थेट मिस्टर मन्सूरच्या खोलीत गेले आणि मला बोलायला बरोबर नेलं.

मी इंग्रजीत सांभाळून घ्यायला लागले, नर्सरीची माती, उन्हाळा. काकांनी मला थांबवलं. "तसां नको. म्हण, ह्याने केलां."

मी तसं सांगितलं. साहेबांनी विचारलं, आता काय करणार? काका म्हणाले, "अकरा आसत. अकरा पुरे." मी भाषांतर केलं. साहेब म्हणाले, इन्शाल्ला, ईदला बघू. दाराबाहेर आल्यावर मी विचारलं, काका, अकरा पुरे हे कशाच्या जोरावर सांगितलंत? तर म्हणाले, "हवा माझी आसा ना?"

त्या दुपारी त्यांनी बाजारातून चार स्टीलच्या वाट्या आणल्या आणि कपाटाचे चार पाय त्या वाट्यांत ठेवून पाणी भरलं. फडताळाच्या पायांखाली अशा वाट्या मी लहानपणी घरोघरी बघितल्या होत्या. परदेशी बनावटीच्या त्या कपाटाखाली त्या बघून मुंग्यांसाठी बोलावलेला एक तज्ज्ञ हसून गेला. मुंगी मात्र पुन्हा कपाटाला शिवली नाही. पापड टांगणं सुरूच राहिलं. फक्त सादळलेला पापड आता काका स्वतः खायचे, चहात बुडवून. एक मला आणि एक जोसलिनला. सादळलेला पापड चहात बुडवून कसा लागतो, ते मी कुणाला सांगणार नाही.

अकरांपैकी नऊ बाहेर आली. जोसलिनने त्यांच्या पंखावर शाईच्या बारीक ठिपक्यांनी नंबर घातले. काका पहाटे आल्यावर पहिली हजेरी घ्यायचे आणि मला मेट्रोत असतानाच त्यांचा मेसेज यायचा. नुसता आकडा. नऊ. नऊ. नऊ. दहाव्या दिवशी आठ आला तेव्हा मी उतरायचं स्टेशन चुकले. मग बरेच दिवस आठ. पंधरा दिवस गेले, वीस गेले. आठाचे सात झाले. मी देवाला फारशी मानत नाही, पण त्या दिवसांत फोन वाजला की आधी हात जोडायचे आणि मग बघायचे.

ईदच्या दिवशी सकाळी काकांनी सगळ्यांत वरचा पापड जरा लवकर टांगला. मिस्टर मन्सूर नवा थोब घालून, बायकामुलांसकट आले. मेसेज त्या दिवशी सात आला होता, पण बागेत एकही दिसेना. साहेबांनी घड्याळ बघितलं. जोसलिनने माझा हात घट्ट धरला. काका चहा पीत होते. मग काचेतून ऊन खाली उतरलं आणि झाडांच्या शेंड्यांमधून एक सुटलं, मग दुसरं, मग बाकीची. सातही, कसलीच घाई नसल्यासारखी, त्या मुलांच्या डोक्यावरून तरंगत गेली. महिना होत आलेली फुलपाखरं ती. साहेबांची धाकटी मुलगी तोंड उघडं ठेवून बघत होती. साहेब म्हणाले, "ट्रॅम्पोलीनवाल्याला फोन करा. जागा नाही म्हणावं." आणि काकांकडे वळून म्हणाले, "शुक्रन, मिस्टर पापड."

काकांनी कानटोपी काढून डोकं खाजवलं.

त्यानंतर ते आणखी दीड वर्ष होते. मग वय झालं म्हणून कंपनीचं पत्र आलं. मी धावपळ केली, मिस्टर मन्सूरनी शब्द टाकला, पण नियम तो नियम. काकांना त्याचं फार वाटलं असं दिसलं नाही. ते आम्हाला शिकवण्याच्या मागे लागले. जोसलिनला ओला हात कसा धरायचा ते, मला शिडीवर कुठल्या पायरीला थांबायचं ते. "तुका कळतलां आता," एवढं एक प्रशस्तिपत्र मला मिळालं. माझ्या भिंतीवर दुसरी दोन आहेत, त्यांना काचेची चौकट आहे.

शेवटच्या दिवशी ते नेहमीच्या बसने आले. पापड टांगले, चहा केला, हजेरी घेतली. बाग तेव्हा भरलेली होती. नंतरच्या खोक्यांतली तीस-चाळीस तरी फुलपाखरं वर तरंगत होती. दुपारी गाडी आली. जोसलिन रडत होती, तिला म्हणाले, "जोसबाय, नो क्राय. पाणी कपाटाक घाल." मग माझ्याबरोबर बाहेरच्या दाराशी आले आणि आरशासमोर थांबले. पिशवी खाली ठेवली, हात पसरले आणि त्यांनी सावकाश एक गिरकी घेतली. एवढ्या लोकांना घ्यायला लावलेली. स्वतः बाहेर जाताना ते कधी घेतात की नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"बघ गो नीट. पाठीर बघ."

मी बघितलं. खांदे, पाठ, कानटोपीचा शेंडा. एखादं तरी बसलेलं असावं असं मला फार वाटत होतं. त्यांच्या जुन्या निळ्या शर्टावर काहीच नव्हतं.

"काही नाही, काका."

"एक पण नाय?"

"एक पण नाही."

त्यांनी कानटोपी काढली, डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली.

"मगे बरां," ते म्हणाले. "हवा बरी आसा, म्हणान भायर येवचासा कोणाक वाटणा नाय."

पिशवी उचलली आणि दार ढकलून बाहेरच्या उन्हात गेले.